ब्लॅक काँकची जलपरी : वाचताना पडणारे नेहमीचे प्रश्न

मोनिक रॉफीची ही कादंबरी मी ज्यांना ज्यांना वाचायला दिली, त्यातल्या जवळपास सगळ्यांनी मधेच थांबून मला काही ना काही विचारलंय. बरेच प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. शेवटाबद्दलचा एक प्रश्न आहे, त्याच्या आधी तसं सांगितलंय. बाकी बिनधास्त वाचा.

पुस्तक कुठलं, कोणाचं, गोष्ट काय, थोडक्यात सांग ना

'द मर्मेड ऑफ ब्लॅक काँक'. लेखिका मोनिक रॉफी, जन्म पोर्ट ऑफ स्पेनचा, म्हणजे त्रिनिदादची राजधानी. एप्रिल २०२० मधे पुस्तक आलं आणि जानेवारी २०२१ मधे त्याला २०२० सालचं कोस्टा बुक ऑफ द इयर, म्हणजे ब्रिटनमधला मोठा पुस्तक पुरस्कार, मिळालं.

गोष्ट १९७६ च्या एप्रिलमधली. ब्लॅक काँक हे कॅरिबियनमधलं काल्पनिक बेट, त्यावर सेंट कॉन्स्टन्स नावाचं मासेमारी करणारं गाव. डेव्हिड बाप्टिस्ट हा तिथला तरुण कोळी, 'सिम्प्लिसिटी' नावाची त्याची छोटी होडी, होडीत गिटार. मासे लागायची वाट बघत गाणं म्हणत बसलेला असताना त्याला पाण्यात जलपरी दिसते. मग ती त्या आवाजाकडे पुन्हा पुन्हा यायला लागते. नंतर फ्लोरिडाहून क्लेसन नावाचे दोन गोरे बापलेक मार्लिन हा मोठा समुद्री मासा पकडायच्या स्पर्धेसाठी येतात आणि त्यांच्या गळाला मार्लिनऐवजी ही लागते. तिला धक्क्यावर आणून उलटी टांगतात. रात्री डेव्हिड तिला सोडवतो, घरी नेतो, बाथटबमधे ठेवतो, आणि तिथे हळूहळू तिची बाई व्हायला लागते. एवढं मागच्या कव्हरवरसुद्धा आहे, म्हणजे काही फोडलं नाहीये मी.

पहिल्या वीस पानांतच अडकले. ही इंग्लिश अशी मोडकी का आहे?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि इथेच बरेच जण पुस्तक खाली ठेवतात म्हणून जरा लांबण लावते. ती मोडकी नाहीये. ती त्या भागातली क्रिओल इंग्लिश आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे. क्रियापदाला भूतकाळाचं शेपूट बऱ्याचदा लागत नाही, आपल्याला शाळेत घोटून घेतलेला 'इज' गायब असतो, आणि लय पूर्णपणे बोलण्याची असते. माझी एक मालवणकडची मैत्रीण म्हणाली की तिला दहा पानांत सवय झाली, कारण पुण्याच्या शाळेत तिच्या मालवणीला 'अशुद्ध' म्हणायचे तेव्हापासून तिला माहितीये की शुद्ध-अशुद्ध हे कोण ठरवतं. मला याहून चांगलं उत्तर अजून सुचलेलं नाही.

उपाय एकच, मोठ्यानं वाचा. घरात कोणी नसताना दोन पानं तोंडानं म्हणून बघा, डोळ्यांना जे अडतं ते कानाला अडत नाही. ऑडिओबुकही आहे, ज्यांना शक्य असेल त्यांनी पहिले काही चॅप्टर ऐकावेत आणि मग पुस्तक हातात घ्यावं.

मधेच कविता येते, मधेच डायरी येते, नक्की गोष्ट सांगतंय कोण?

तीन आवाज आहेत. एक निवेदक, ज्याला सगळं माहिती आहे आणि जो गावातल्याच कोणासारखा बोलतो. दुसरा म्हातारा झालेला डेव्हिड, जो जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०१५-१६ च्या सुमारास वहीत लिहितोय. आणि तिसरी ती जलपरी स्वतः, आयकायिया, तिच्या ओळी कवितेसारख्या तुटक, विरामचिन्हं जवळपास नाहीतच. शेकडो वर्षं ती कोणाशी बोललेली नाही, तिची मूळ भाषा बोलणारं कोणी उरलेलं नाही आणि ही नवी भाषा ती आत्ता शिकतेय, मग तिनं सरळ पॅराग्राफमधे बोलावं कसं? काही जण त्या ओळी वगळून पुढे जातात कारण 'गोष्ट पुढे सरकत नाही'. प्लीज नका वगळू. धक्क्यावर टांगलेली असताना बाकी सगळे तिच्याबद्दल बोलत असतात, तिचं स्वतःचं म्हणणं फक्त तिथेच आहे.

डायरीमुळे आणखी एक होतं. डेव्हिड म्हातारा आहे आणि आठवतोय, म्हणजे ती आता त्याच्याजवळ नाही हे आपल्याला सुरुवातीपासून कळलेलं असतं. त्यामुळे पुढे काय होणार यापेक्षा कसं होणार आणि कोण करणार, इकडे लक्ष राहतं.

तिला पकडायचा आणि धक्क्यावर टांगायचा भाग मला वाचवेना. एवढं सविस्तर लिहायची गरज होती का?

होती, असं माझं ठाम मत आहे, पण वाचवलं नाही तर त्यात चूक काही नाही.

पकडण्याचा प्रसंग फार लांब चालतो. दोरी ताणली जाते, सैल होते, ती खोल जाते, परत वर ओढली जाते, आणि होडीवरच्या माणसांना हळूहळू समजायला लागतं की हा मासा नाहीये. म्हाताऱ्या क्लेसनचा मुलगा हँक दोरी कापा म्हणतो, बरोबरची स्थानिक पोरंही घाबरलेली, पण बाप ऐकत नाही, त्याला ती हवी आहे. यात लेखिका आपल्याला फक्त तिच्या बाजूला उभं करत नाही, मोठा मासा ओढण्याची झिंगही दाखवते, आणि वाचताना आपणही थोडे त्या झिंगेत जातो. मग लगेच धक्क्यावरचा प्रसंग येतो, मार्लिनशेजारी उलटी टांगलेली एक बाई येते, आणि आत्ता पाच पानांपूर्वी आपण काय एन्जॉय करत होतो ते लख्ख कळतं. हे दोन ओळींत उरकलं असतं तर घडलंच नसतं.

यामागे दोन गोष्टी आहेत. टोबॅगोतल्या शार्लटव्हिल गावी लेखिकेनं मासेमारीची स्पर्धा पाहिली होती, मार्लिन टांगलेला पाहिला होता. दुसरी म्हणजे चिलीचा कवी पाब्लो नेरुदा याची एक कविता, ज्यात एक जलपरी दारुड्यांनी भरलेल्या गुत्त्यात येते आणि ते तिचे हाल करतात. जलपरी हाताला लागली तर माणसं काय करतील याचं त्या कवितेतलं उत्तर फार वाईट आहे आणि मला ते खरं वाटतं.

माझ्या ओळखीतल्या बऱ्याच पुरुष वाचकांनी सांगितलं की या प्रसंगात त्यांना सगळ्यात जास्त त्रास दिला तो आजूबाजूला उभ्या असलेल्या गर्दीनं, क्लेसन त्याच्यानंतर. गळ टाकणारा एकच होता, बघायला अख्खं गाव आलं होतं.

म्हणजे ही फॅन्टसी आहे का? आणि मॅजिक रिॲलिझम, म्हणजे रोजच्या जगात सहज मिसळलेली जादू, तर लॅटिन अमेरिकेचं ना?

फॅन्टसी म्हणून घेतलंत तर निराश व्हाल, इथे समुद्राखालचं राज्य वगैरे काही नाही. जलपरी आहे, हे गाव तसं पटकन मान्य करतं. त्यापुढचे प्रश्न सगळे जमिनीवरचे आहेत, तिला ठेवायचं कुठे, ती खाणार काय, पोलिसाला कळलं तर काय, ती कोणाच्या मालकीची, आणि शेजारीण काय बोलेल.

आणि जादू जिथे येते तिथे ती अगदी शारीरिक आहे. बाथटबमधे तिचं रूप बदलतं तो भाग बघा. चमचमती शेपटी छू मंतर करून गायब होत नाही, ती सडते. घाण वास येतो, तुकडे गळून पडतात, तिच्या नाकाकानातून समुद्रातले बारीक जीव बाहेर पडतात, छोटे खेकडेसुद्धा, आणि डेव्हिड बिचारा मीठ घातलेलं पाणी भरतोय, उपसतोय, साफ करतोय. अंगावरचं गोंदण मात्र तसंच राहतं. मला पुस्तकातला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो कारण यात प्रेम म्हणजे अक्षरशः सेवा आहे, कोणाची तरी घाण न लाजता काढणं आहे.

राहिला दुसरा प्रश्न. मॅजिक रिॲलिझमशी जोडली जाणारी 'अद्भुत वास्तव' ही कल्पना क्यूबाच्या लेखक आलेहो कार्पेन्तिएरनं १९४९ मधे मांडली, आणि ती त्याला सुचली हैतीच्या प्रवासातून. हैती कॅरिबियनमधलंच, म्हणजे मुळातच हे त्या बेटांचं आहे. रॉफीनं कुठून उसनं आणलेलं नाही.

ही दंतकथा खरी आहे की लेखिकेनं रचली?

आयकायियाची गोष्ट क्यूबातल्या टाईनो या मूळनिवासी लोकांच्या दंतकथांमधून आली आहे. सुंदर मुलगी, गोड गळा, पुरुष तिच्यामागे वेडे, बायका चिडतात आणि तिला ग्वानायोआ नावाच्या म्हातारीसोबत घालवून दिलं जातं. कादंबरीत त्या बायकांच्या शापानं मुलीची जलपरी होते आणि या म्हातारीचं कासव. पानं भराभर उलटलीत तर ती निसटते, लक्ष ठेवा.

शिवाय कॅरिबियनमधे पाण्यातल्या बायका पुष्कळ आहेत. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर मामी वाटा गेली, हैतीत ला सिरेन आहे, जमैकात नदीतली रिव्हर ममा, त्रिनिदादमधे मामा द'लो. आणि कोलंबसनं जानेवारी १४९३ मधे हिस्पानिओलाजवळ तीन जलपऱ्या पाहिल्याची नोंद आहे, चित्रात असतात तितक्या सुंदर नव्हत्या अशी त्याची तक्रार. त्या बहुधा मॅनटी, म्हणजे समुद्रगाई असाव्यात. मला ही नोंद महत्त्वाची वाटते कारण तिथल्या पाण्यात उतरलेला पहिलाच युरोपियन जलपरीला दिसण्यावरून मार्क देतोय.

टाईनो सगळे नाहीसे झाले ना? मग ती एकटीच उरलेली, असं?

कादंबरीत तिला तसंच वाटतं. माझे लोक कुठे गेले हे ती विचारते आणि तिला उत्तर द्यावं लागतं मिस रेनला, जिच्या घराण्याकडे गावातली बहुतेक जमीन आहे. तो प्रसंग हळू वाचा.

प्रत्यक्षात १४९२ नंतर रोगराई, वेठबिगारी आणि कत्तली यांनी काही दशकांतच टाईनो समाज उद्ध्वस्त केला. पण 'संपले' हे म्हणणं बरोबर नाही. पोर्तो रिको, डॉमिनिकन रिपब्लिक, क्यूबा इथे स्वतःला टाईनो वंशज म्हणवणारे लोक आहेत. त्रिनिदादमधे अरिमा गावी सांता रोसा फर्स्ट पीपल्स हा तिथल्या मूळ लोकांचा समाज आहे, आणि १३ ऑक्टोबर २०१७ ला तिथल्या सरकारनं या मूळ रहिवाशांसाठी एक दिवसाची खास सुट्टी दिली होती.

मिस रेन चांगली की वाईट?

मला ती पुस्तकातलं सगळ्यात अवघड आणि म्हणून सगळ्यात जिवंत माणूस वाटते. अर्केडिया रेन गोरी आहे, तिथेच जन्मली, गावासारखंच बोलते, जमीन वारशानं आलेली. लाइफ नावाच्या काळ्या माणसावर प्रेम, त्याच्यापासून झालेला मुलगा रेजी, जन्मापासून बहिरा. लाइफ सोडून गेलाय, आणि ती त्या मोठ्या घरात मुलाला घेऊन राहतेय. मनानं ती चांगली आहे, पण तिच्या पायाखालची जमीन कोणाच्या घामावर उभी राहिली हे तिला माहिती आहे आणि ते फेडायचं कसं हे माहिती नाही.

आयकायिया आणि रेजी यांची मैत्री मात्र विसरू नका. एकाला ऐकू येत नाही, एकीला भाषा येत नाही, आणि दोघं हातांनी बोलतात. गावात तिला न घाबरणारा आणि तिच्याकडून काहीच नको असलेला असा तो एकटाच.

बायकांनीच शाप दिला, शेजारीणच आग लावते. हे बायकांविरुद्ध पुस्तक नाही का?

यावर आमच्यात सगळ्यात जास्त भांडणं झालीयेत आणि अजून मिटलेली नाहीत.

एक बाजू म्हणते की हिंसा पुरुष करतात आणि दोष शेवटी बायकांच्या मत्सरावर येतो, हे जुनंच आहे. दुसरी बाजू म्हणते की मत्सर आभाळातून पडत नाही. ज्या गावात बाईला नवरा हाच एकमेव आधार, तिथे तो आधार दुसरीकडे बघायला लागला की राग त्याच्यावर काढता येत नाही, मग तो त्या मुलीवर निघतो. मी दुसऱ्या बाजूची आहे. आपल्याकडेही एखादी बाई फार मोकळी हसली-नाचली की पहिलं बोट पुरुषाचं उठतंच असं नाही, बऱ्याचदा ते खिडकीतल्या बाईचं असतं, आणि ते का हे समजून घेतल्याशिवाय काही सुटत नाही.

पण एक मान्य करायला हवं, प्रिसिला नीट उतरलेली नाही. डेव्हिडवर डोळा असलेली ही शेजारीण जवळजवळ शेवटपर्यंत दुष्टच राहते. शाप देणाऱ्या त्या जुन्या बायकांचं दुःख लेखिकेनं समजून घेतलं, तेवढी जागा हिला द्यायला हवी होती. इथे ज्यांना पुस्तक खटकलं त्यांचं खटकणं योग्यच आहे.

गोऱ्या लेखिकेनं टाईनो बाईच्या आवाजात लिहावं का?

विचारायलाच हवा असा प्रश्न. रॉफी गोरी आहे आणि त्रिनिदादची आहे, दोन्ही खरं. मला वाटतं या प्रश्नाची जाणीव पुस्तकात आहे, मिस रेन हे पात्र त्यातूनच आलंय. तरी एखाद्या मूळनिवासी लेखिकेनं हीच गोष्ट लिहिली असती तर आयकायियाचे विनोद वेगळे असते, राग वेगळा असता, आणि कदाचित ती इतकी निष्पाप नसती. ते पुस्तक मला वाचायला आवडेल. हेही आवडलं.

डेव्हिडचं प्रेम खरं की त्यालाही ती हवीच आहे, फक्त जरा सभ्यपणे?

सुरुवातीला त्यालाही हवी आहे, आणि त्याला ते समजतं म्हणून तो मला पटतो. ती पकडली गेली यात आपला वाटा आहे हे ओझं तो आयुष्यभर वागवतो. त्याच्या इंजिनाच्या आवाजाची तिला सवय लागली होती, होडी म्हणजे तो असं तिला वाटायला लागलं होतं. म्हणजे प्रेमानं जवळ येऊनसुद्धा त्यानं तिला धोक्यात घातलं, हेतू वाईट नसताना. त्यानंतर घरात तो थांबायला शिकतो, आणि तिच्या इच्छेची वाट बघतो. काही वाचकांना शृंगाराची पानं जास्त वाटली. मला ती लागली, कारण शापच तिच्या देहाला दिलेला होता आणि तो देह तिला परत मिळणं हीच गोष्ट आहे.

आपण कॅरिबियन म्हटलं की क्रिकेट. १९७६ म्हणजे तेच वर्ष ना?

हो! त्याच एप्रिलमधे, १२ तारखेला, पोर्ट ऑफ स्पेनला आपण ४०३ चं टार्गेट चेस केलं, ४ बाद ४०६, गावसकर १०२, विश्वनाथ ११२. आमच्या वडिलांच्या पिढीला तो स्कोअर अजून तोंडपाठ आहे. कादंबरीत याचा संबंध नाही, पण मला वाचताना सारखं जाणवत होतं की आपण रेडिओला कान लावून ज्या बेटांचा आवाज ऐकत होतो तिथल्या कोळ्याच्या घरात काय चाललंय हे आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्रिनिदाद अँड टोबॅगो प्रजासत्ताक झालं तेही त्याच वर्षी, ऑगस्टमधे.

तिथे एवढे भारतीय आहेत, मग गोष्टीत का नाहीत?

१८४५ ते १९१७ मधे एक लाख चाळीस हजारांहून जास्त भारतीय मजूर करारावर त्रिनिदादला नेले गेले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे, आणि ते ऊसाच्या मळ्यांवर, म्हणजे त्रिनिदाद बेटावर. टोबॅगोत त्यांची वस्ती फार कमी. ब्लॅक काँक काल्पनिक असलं तरी वळण टोबॅगोसारखं आहे, त्यामुळे गोष्ट आफ्रिकन वंशाच्या लोकांभोवती फिरते. भारताचा धागा प्रकाशकाच्या नावात आहे. लीड्सची पीपल ट्री प्रेस ही १९८५ पासून कॅरिबियन लेखन छापणारी छोटी संस्था, आणि नाव त्या मजुरांनी सोबत नेलेल्या पिंपळाचं.

एवढ्या छोट्या प्रकाशकाचं पुस्तक इतकं पोचलं कसं?

पुस्तक आलं ते लॉकडाउनमधे, दुकानं बंद. प्रसिद्धीसाठी लेखिकेनं लोकांकडून वर्गणी जमवली होती. मग पुरस्कार मिळाला, मोठ्या प्रकाशकांनी आवृत्त्या काढल्या, आणि त्याआधी बरंचसं काम वाचकांनी एकमेकांना सांगून केलं.

मुलीला देऊ का? ती तेरा वर्षांची आहे, जलपऱ्या आवडतात

आत्ता नको. लैंगिक हिंसा आहे, शिव्या आहेत, शृंगार उघड आहे. सोळा-सतराची झाली की द्या, आणि तुम्हीही सोबत वाचा, कारण धक्क्याच्या प्रसंगानंतर तिला कोणाशी तरी बोलावंसं वाटेल.

शेवट पटला नाही. (वाचून झालं नसेल तर हा प्रश्न सोडा)

वादळ आणून सगळं उडवून दिलं ही सुटका वाटते, असं बरेच जण म्हणतात. पण शाप आणि वादळ दोन्ही त्या बायकांच्या जुन्या रागातूनच येतात, ते बाहेरून चिकटवलेलं नाहीये. मला खटकलं ते एवढंच की वादळाच्या आधीची पानं घाईत आहेत, पोलीस, शेजारीण, क्लेसन सगळे एकदम धावत येतात. ती परत पाण्यात जाते याबद्दल मात्र मी भांडायला तयार आहे. ती बाई म्हणून राहिली असती तर आपल्याला बरं वाटलं असतं, पण ज्या गावानं तिला टांगलेलं पाहिलं त्याच गावात रोज बाजाराला जाणं तिला कसं झेपलं असतं, हे मला कोणी सांगितलेलं नाही.

आवडलं, आता पुढे काय वाचू?

रॉफीचंच 'आर्किपेलागो' घ्या, त्याला २०१३ चा ओसीएम बोकास हा कॅरिबियन साहित्याचा पुरस्कार आहे. त्यात बाप आणि छोटी मुलगी होडीनं समुद्रावर निघतात, कुत्रीही सोबत. तेही मोठ्यानं वाचा.